कपडा उलटा करून पाहताना

कपडा विकत घेण्यापूर्वी मी तो उलटा करून पाहते. रंग, नमुना आणि मापाची चिठ्ठी नंतर. आधी आतली शिवण. घरी शिवणकाम करणाऱ्या बहुतेकांना ही सवय लागते, आणि ती लागली की खरेदीचा वेग आपोआप मंदावतो, कारण बाहेरून देखणे असलेले बरेच कपडे आतून पाहिल्यावर घ्यावेसे वाटत नाहीत. हा कपडा आपल्याला शोभतो का, असे आपण सगळेच स्वतःला विचारतो. तो उसवला, विरला किंवा वर्षभराने घट्ट झाला तर दुरुस्त करता येईल का, हेही तितक्याच गांभीर्याने विचारले पाहिजे, असे माझे मत आहे. याचे उत्तर कपड्याच्या आतल्या बाजूला सापडते, आणि ते समजून घेण्यासाठी घरी शिवणयंत्र असण्याची गरज नसते.

आत सर्वप्रथम पाहावी ती माया. शिवणीच्या पलीकडे जे जादा कापड सोडलेले असते, त्यावर कपड्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. घरी शिवताना साधारण दीड सेंटिमीटर माया ठेवतात, आणि पँटच्या मागच्या शिवणीला तर त्याहून बरीच अधिक. स्वस्तात विकायच्या तयार कपड्यात मात्र ओव्हरलॉक यंत्रावर कड कापणे, ती बांधणे आणि दोन तुकडे जोडणे ही तिन्ही कामे एकदमच होतात, आणि आत जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर कापड उरते. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडासाठी ही पद्धत योग्यच आहे, कारण तेथे शिवणीलाही कापडाबरोबर ताणता आले पाहिजे. परंतु मागावर विणलेल्या कापडाच्या पँटला किंवा झग्याला एवढीच माया असेल तर तो कपडा पुढे कधीही सैल करता येणार नाही, आणि शिवणीजवळचे धागे सरकले तर दुसरी टीप घालायला जागाच राहणार नाही. जीन्सच्या पायाला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा घातलेली शिवण असेल तर मायेची चिंता थोडी कमी करावी. अशी शिवण सैल करता येत नाही, पण ती सहसा उसवतही नाही.

त्यानंतर टाके पाहावेत. साध्या सुती कापडाला घरगुती यंत्रावर अडीच मिलिमीटरचा टाका घालतात, म्हणजे इंचाला सुमारे १० टाके. चांगल्या शर्टाचे टाके याहूनही बारीक असतात. टाका मोठा ठेवला की यंत्र तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापते आणि कारखान्याचा वेळ वाचतो, म्हणून घाईने शिवलेला कपडा टाक्याच्या लांबीवरून ओळखू येतो. शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून हलकेच ताणाव्यात. मधले टाके उघडे पडून फट दिसू लागली तर तो कपडा जागेवर परत ठेवावा.

बटणांचे गुपित तर अनेकांना ठाऊकच नसते. तयार कपड्यांवरील बरीचशी बटणे यंत्राने एकाच धाग्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. मागच्या बाजूला लोंबणारे टोक कोणी ओढले, किंवा ते कशात अडकले, तर सगळे टाके एकामागून एक सुटत जातात आणि बटण हातात येते. घरच्या यंत्राची टीप वरचा धागा आणि खालच्या बॉबिनचा, म्हणजे छोट्या रिळाचा, धागा अशा दोन धाग्यांची असते, त्यामुळे ती अशी सरसर उसवत नाही. म्हणून नवा शर्ट आणला की पहिल्या धुण्याआधीच मी त्याची बटणे हाताने लावून घेते. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीतली एक काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून घेऊन बटणाखाली मोकळ्या राहिलेल्या धाग्यांभोवती तोच धागा घट्ट गुंडाळायचा आणि मागे गाठ मारायची. अशा देठामुळे काजाच्या पट्टीला बसायला जागा मिळते आणि बटण लावताना कापडावर ताण येत नाही. एका शर्टासाठी अर्धा तास लागतो. तेवढा वेळ न देणाऱ्यांनी निदान लोंबणारी टोके ओढू नयेत.

टी-शर्ट दोन-तीनदा धुतला की बाजूची शिवण फिरून पोटावर येते, हा अनुभव सर्वांनाच असतो. याची कारणे दोन. एकेरी विणीच्या होजिअरीत सुताला दिलेला पीळ धुतल्यावर सैल होऊ पाहतो आणि सगळे कापड एका बाजूला कलते. किंवा कापड वाचवण्यासाठी तुकडे उभ्या धाग्याला समांतर न ठेवता थोडे तिरके ठेवून कापलेले असतात. खांद्यांवर धरून कपडा मोकळा सोडावा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी सरळ खाली उतरतात का ते पाहावे. चौकटीच्या शर्टावर खिशाच्या चौकटी पुढ्याच्या चौकटींशी जुळलेल्या असतील तर तो शर्ट बनवणाऱ्याने कापडाची कंजुषी केली नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. आणि ज्याने दिसणाऱ्या भागात कंजुषी केली नाही, त्याने न दिसणाऱ्या भागातही केली नसण्याची शक्यता अधिक असते.

आता कापडाविषयी. कपडा उजेडासमोर धरला की विणीचा घट्टपणा कळतो, आणि जुना कपडा घेत असाल तर कोठे विरला आहे तेही दिसते. मला सर्वाधिक सावध करणारा शब्द म्हणजे चिठ्ठीवरचे इलास्टेन. स्पँडेक्स किंवा इलास्टेन हा धागा ड्यूपाँट कंपनीतील रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये विकसित केला, आणि पोहण्याच्या किंवा व्यायामाच्या कपड्यांसाठी त्याला चांगला पर्याय मिळणे कठीण आहे. परंतु आता तो रोजच्या पँटमध्ये आणि शर्टांतही दोन-पाच टक्के मिसळलेला असतो. ताणल्या जाणाऱ्या सुती कापडात इलास्टेन हा आतला गाभा असतो आणि त्याभोवती सूत गुंडाळलेले असते. उष्णता, क्लोरीनचे ब्लीच आणि अंगाचा तेलकटपणा यांमुळे हा गाभा हळूहळू निकामी होतो. मग गुडघे फुगतात, कापडावर बारीक लाटा उठतात, आणि वरचे सूत धडधाकट असूनही पँट वापरण्याजोगी राहत नाही. यावर सुई-दोऱ्याचा काहीच इलाज चालत नाही. भोक बुजवता येते, पण गेलेला ताण परत आणता येत नाही. म्हणून ज्या कपड्याला ताणाची गरज नाही, तो मी इलास्टेनशिवाय शोधते, आणि असा शोध घेताना खरेदी अर्ध्याहून कमी होते.

सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचा दोष वेगळा आहे. घासल्याने कोणत्याही कापडावर तंतूंच्या बारीक गोळ्या येतात, पण शुद्ध सुती कापडावरच्या गोळ्या काही धुण्यांनंतर गळून पडतात, तर मिश्र कापडात चिवट पॉलिएस्टरचे तंतू त्यांना धरून ठेवतात. कपडा फाटलेला नसतो, तरी घालवत नाही. इस्त्री लागत नाही हा मिश्रणाचा फायदा मी नाकारत नाही. ज्यांचा दिवस धावपळीचा असतो त्यांना तो पटतो, आणि पटावाही.

मापाच्या बाबतीत शिवणाऱ्यांचा एक आडाखा उपयोगी पडतो: खांदा बसला पाहिजे, बाकीचे पाहून घेता येते. पँटची लांबी, कंबर, झग्याचा घेर, बाजूचा सैलपणा हे सगळे कमी करता येते आणि माया असेल तर वाढवताही येते. परंतु खांदा उतरत असेल तर दुरुस्तीसाठी बाही काढावी लागते, बाही जेथे जोडतात तो मुंढा नव्याने कापावा लागतो आणि बाही पुन्हा बसवावी लागते, म्हणजे जवळजवळ अर्धा कपडा परत शिवावा लागतो. शर्टाची पूर्ण बाही लांब होत असेल तरी काम अवघड असते, कारण कफाच्या वर मनगटाची उघडी पट्टी शिवलेली असते आणि ती खालून कापली की तोकडी दिसते. ऑनलाइन खरेदीत हे सगळे डोळ्यांनी पाहता येत नाही; त्यात छायाचित्रातला कपडा पाठीमागून टाचण्या लावून बसवलेला असण्याचीही शक्यता असते. तेव्हा आपल्याला नीट बसणाऱ्या कपड्याची खांद्यापासून खांद्यापर्यंतची माप-फीत लावून घेतलेली लांबी लिहून ठेवावी आणि कोष्टकातल्या आकड्याशी ताडून पाहावी. कोष्टकच दिलेले नसेल तर मी पुढे जाते.

कारखान्यातच जुनी केलेली जीन्स हा प्रकार मात्र मला कधीही समजला नाही. आपण पूर्ण मोबदला देतो आणि वापरून अर्धे आयुष्य संपलेले कापड घरी आणतो, कारण घासून, दगडांबरोबर धुऊन आणि रसायने लावून त्याचे धागे आधीच दुबळे केलेले असतात. त्यातही वाळूचा जोरदार मारा करून रंग उडवण्याची जी पद्धत होती, तिच्यामुळे कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन त्यांना सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडू लागला, आणि तुर्कस्तानने २००९ मध्ये कपड्यांसाठी ती पद्धत बंद केली. गुडघ्याला पडलेले भोक स्वतःच्या गुडघ्याने पाडलेले असावे, असे माझे जुनाट मत आहे.

शिवणकाम शिकल्यावर किमतीकडे पाहण्याची नजर बदलते, आणि त्याचे कारण बाही हे आहे. बाहीच्या वरच्या वळणाची लांबी मुंढ्याच्या घेरापेक्षा थोडी अधिक ठेवलेली असते, आणि ती जादा लांबी एकही चुणी न दिसू देता जिरवावी लागते. डाव्या हाताची बोटे वरचे कापड सरकवत राहतात, उजवा हात खालचे धरून ठेवतो, आणि दर दोन इंचांवर थांबून पाहावे लागते. एलियास हाऊ यांना शिवणयंत्राचे अमेरिकी पेटंट १८४६ मध्ये मिळाले. तेव्हापासून यंत्राचा वेग कितीतरी पटींनी वाढला, परंतु सुईखाली कापड वळवणारे हात आजही बहुतांशी माणसाचेच आहेत, कारण कापड लोंबते, सरकते, ताणले जाते, आणि यंत्राला ते सांभाळणे अजून नीट जमत नाही. अतिशय स्वस्त टी-शर्टाच्या बाह्यासुद्धा कोणीतरी बसून लावलेल्या असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरील दुकाने आणि बँक बंद ठेवण्यात आली, पण वरच्या शिवण कारखान्यांतील कामगारांना कामावर बोलावण्यात आले. कपडा महाग असला म्हणजे शिवणाऱ्याला योग्य मजुरी मिळालीच असेल, असे समीकरण मांडता येत नाही. परंतु अगदी कवडीमोल कपड्यात कोणाचा तरी वेळ फुकटाच्या भावाने घेतलेला आहे, हे स्वतः एकदा बाही बसवून पाहिलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुरुस्तीचा मार्ग अनेकदा यामुळेच अडतो. नवा कपडा शिवण्याची मजुरी दूरवर आणि स्वस्तात दिली जाते, तर तोच कपडा दुरुस्त करण्याची मजुरी आपल्या जवळच्या माणसाला, जवळच्या दराने द्यावी लागते, आणि मग दुरुस्तीपेक्षा नवा परवडतो असा उलटा हिशेब तयार होतो. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे आणि पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्या ग्राहकाला बिलात थोडी सूट मिळते आणि तिचा खर्च कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भागवला जातो. ही कल्पना मला योग्य वाटते, कारण ती ग्राहकाला उपदेश न करता हिशेबच बदलते.

घरी दुरुस्ती करताना एक नियम मी कटाक्षाने पाळते: दोरा कापडापेक्षा किंचित कमजोर असावा. चिवट पॉलिएस्टरचा दोरा तलम सुती कापडावर घातला तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि कापड कापले जाते. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, कापड फाटले तर नवीच जखम भरावी लागते. भोक पडण्याची वाटही पाहू नये. कोपर, गुडघा, मांडीची आतली बाजू, काखेखालची शिवण या घासल्या जाणाऱ्या जागा दर थोड्या दिवसांनी उजेडासमोर धराव्यात, आणि कापड विरलेले दिसले की त्याच रंगाच्या दोऱ्याने उभ्या धाग्याच्या दिशेने धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालाव्यात. ओळी विरलेल्या भागाच्या पलीकडे धडक्या कापडात न्याव्यात, पण सगळ्या एकाच रेषेत संपवू नयेत, कमी-जास्त ठेवाव्यात. नाहीतर सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि कापड तेथेच फाटते. ठिगळ लावायचेच असेल तर ते मूळ कापडाच्याच जाडीचे, आधी धुतलेले, कोपरे गोल कापलेले असावे आणि त्याचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याशी जुळावा. इस्त्रीने चिकटवायची ठिगळे कडांनी सुटू लागतात. ती वापरायची असतील तर कडेने टीप घालून घ्यावी.

मला सर्वांत समाधान देणारी दुरुस्ती म्हणजे शर्टाची कॉलर उलटवणे. शर्टाचे बाकीचे कापड चांगले असते, पण मानेला घासून कॉलरच्या घडीवर धागे उघडे पडतात, आणि त्या एका रेषेपायी सगळा शर्ट टाकून दिला जातो. कॉलरचे वरचे पान आणि मानेभोवतीचा पट्टा हे वेगवेगळे तुकडे असतात. दोन्हींच्या मध्यावर टाचणी लावून खूण करायची, पट्ट्याच्या दोन थरांमध्ये पान जेथे अडकवलेले असते तेवढीच टीप सावकाश उसवायची, पान बाहेर काढून धाग्यांचे तुकडे वेचायचे, ते उलटे करून मधल्या खुणा जुळवत पुन्हा पट्ट्यात सरकवायचे, कच्चे टाके घालायचे आणि जुन्या टिपेच्या भोकांवरूनच नवी टीप मारायची. विरलेली बाजू आता खाली जाते आणि कोरी बाजू वर येते. मात्र उसवण्याआधी कॉलरची खालची बाजू पाहून घ्यावी: काही शर्टांना टोके ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे कप्पे तेथे शिवलेले असतात आणि उलटवल्यावर ते वर दिसू लागतात, ज्या कॉलरची टोके बटणाने शर्टाला लावलेली असतात, तेथे काजे चुकीच्या बाजूला जातात, आणि खालचे कापड वेगळ्या नमुन्याचे असेल तर ते आपल्याला मानवेल का, हेही आधीच ठरवावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. १९४२ च्या काटकसरीच्या नियमांनी खिशांच्या आणि बटणांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि पुरुषांच्या पँटच्या पायाला बाहेरून दिली जाणारी दुमड बंद केली. कापड वाचले हे खरे, पण शिवणाऱ्याच्या दृष्टीने तो तोट्याचाच व्यवहार म्हणावा लागेल; ती दुमड म्हणजे त्याच रंगाचे, तितक्याच वेळा धुतलेले, ठिगळासाठी आयते राखून ठेवलेले कापड होते.

घरी शिवणाऱ्यांनी फार मिरवू नये, हेही सांगितले पाहिजे. तयार कपड्यांची हाव सुटली की तिची जागा कापडाची हाव घेते. कपाटात घड्या घालून ठेवलेले, कशासाठी घेतले ते आठवत नसलेले कापडही कोणीतरी पिकवलेले, कातलेले, रंगवलेलेच असते, आणि ते शिवले जात नाही तोवर त्याचा उपयोग न घातलेल्या कपड्याइतकाच. शिवाय घरी शिवलेला कपडा स्वस्त पडतो हा समजही आपल्या वेळेचे मोल शून्य धरले तरच खरा ठरतो. कापड घेण्याआधी त्याचा नेमका कोणता कपडा होणार आणि तो आपल्याजवळच्या कोणत्या कपड्यांबरोबर घातला जाणार, हे सांगता आले नाही तर ते दुकानातच राहू द्यावे.

कपडा खरोखर संपतो तेव्हा तो पुनर्वापरासाठी देऊन मोकळे व्हावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यांच्या रूपात परत येतो. मिश्र धागे वेगळे करणे कठीण असते, आणि सुती कापड यंत्रात पिंजले की तंतू आखूड होऊन सूत कच्चे निघते. म्हणून कपडा घराबाहेर जाण्यापूर्वी त्याच्यातून मिळेल ते काढून घेणे अधिक शहाणपणाचे. बटणे दोऱ्यात ओवून एकत्र ठेवावीत, कारण सुटी टाकली तर एकसारखी सहा कधीच सापडत नाहीत. झिपचे दात आणि रनर ठीक असतील तर तिच्या दोन्ही बाजूंचे बोटभर कापड ठेवूनच ती कापावी. शर्टाची पाठ सर्वांत कमी विरते आणि तिच्यातून खिशाची पिशवी किंवा अस्तराचा तुकडा सहज निघतो. जीन्सच्या पोटऱ्यांचे कापड दुसऱ्या जीन्सच्या गुडघ्याला चालते. इलॅस्टिक मात्र ठेवू नये. ते आत पडल्या पडल्याही म्हातारे होते, आणि नव्या कपड्यात घातले की पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडते.